चिचुंद्रीबाईंचा तास

घरोघरी कोठीची खोली असायची त्या काळी, अशाच एका खोलीत पोत्यांमागे उंदरांची शाळा भरे. चिचुंद्रीबाई तिथे एकच विषय शिकवत: मांजराची चाहूल कशी ओळखावी. तासाला कुणी गाणं ऐकलेलं त्यांना अजिबात खपत नसे. आणि टिल्ली उंदरी तर रोज भिंतीला कान लावून फटीतल्या रातकिड्याचं गाणं ऐकत बसायची.

"टिल्ले, कान इकडे!" बाई कडाडल्या. "गाणं ऐकणाऱ्याला चाहूल काय कप्पाळ लागणार?"

"बाई, गाणं असलं की माझं लक्ष लागतं."

"लक्ष लागतं म्हणे!" बाईंचा पारा चढला. चाहुलीचे सातही प्रकार त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, तारस्वरात सांगायला घेतले. पाचव्या प्रकाराला टिल्ली ताडकन उठली.

"बाई, पळा! मांजर!"

सगळे धडाधड बिळात घुसले. मागोमाग पंजा आपटला आणि बाईंच्या शेपटीला ओरखडा निघाला.

"तुला कसं गं कळलं?" बाईंनी धापा टाकत विचारलं.

"गाणं थांबलं, बाई. कुणी जवळ आलं की रातकिडा गप्प होतो."

"मग आम्हाला कुणालाच काही ऐकू कसं आलं नाही?"

सगळा वर्ग आपापल्या पायांकडे बघू लागला.

"तुम्ही शिकवत होतात ना, बाई," टिल्ली म्हणाली.