हुणधुऱ्याची बिनदाराची खोली

हुणधुरा ही हिमालयातली खिंड; तिच्या माथ्यावरून एक उतार आपल्या मुलखात जातो, दुसरा तिबेटात. मधोमध दगडांची एक खोली आहे, तिला दार नाही. वाऱ्याने गारठलेले पाहुणे हमखास विचारतात, "अहो, एवढ्या थंडीत दार का नाही बसवत?" मग खोली सांभाळणारे म्हातारे हयातसिंग सांगायला बसतात.

पूर्वी म्हणे दोन्हीकडचे व्यापारी मैत्री जोडताना एक दगड फोडून अर्धा-अर्धा वाटून घेत. अर्ध्याला अर्धा जुळला की माणूस आपला. धनसिंगाची अशी मैत्री पलीकडच्या छेवांगशी होती. धनसिंग मीठ आणायला पलीकडे गेला की बायको लछिमा ही खोली सांभाळी. एका साली मित्राचं नाव सांगून चोर शिरले होते. म्हणून पुढच्या खेपेला निघताना आपला अर्धा दगड तिच्या हाती देत धनसिंगाने बजावलं, "जुळल्याशिवाय देव आला तरी दार उघडायचं नाही."

एका दुपारी हिमवादळात कुणीतरी दार बडवू लागलं. लछिमाने फटीतून पाहिलं. एक मुलगी होती, अंगावर धड पांघरूणही नव्हतं. तिची भाषा कळेना. लछिमाने दगड पुढे धरला. "जोड." मुलीने रिकामे हात दाखवले, खालच्या उताराकडे बोट केलं, रडली. लछिमाचा हात कडीपर्यंत गेला. पण नवऱ्याचा शब्द! तिने कडी काढली नाही. मुलगी आली तशी माघारी गेली.

वादळ ओसरलं तशी लछिमा उतारावर धावली. खडकाच्या आडोशाला धनसिंगच पडला होता, तापाने फणफणलेला. अंगावर त्या मुलीचा मेंढीच्या कातड्याचा झगा, मुठीत छेवांगचा अर्धा दगड. वाटेत धनसिंग कुणाला सापडला तर तो कुणाचा माणूस ते कळावं, म्हणून मुलीने दगड त्याच्यापाशीच ठेवला असावा. छेवांगची लेक ती, आजारी धनसिंगाला घरी पोचवायला आलेली. त्याला बिलगून गोठून मेली होती.

लछिमाने नवऱ्याला ओढत वर आणलं. धुऱ्यावर जाळायला काडी मिळत नाही. तिने दार उखडलं, कुऱ्हाडीने फोडलं आणि त्या विस्तवाच्या शेकावर नवऱ्याला जगवलं. डोळे उघडताच तो म्हणाला, "पोर पोचली ना गं? मीच पाठवली तिला. म्हटलं, घाबरू नकोस, दार आपलंच आहे."

लछिमा "पोचली" एवढंच म्हणाली, असं सांगतात. पुढे जन्मभर ती कुठल्याच विस्तवाशी हात शेकायला बसली नाही, आणि खोलीला पुन्हा दार बसवू दिलं नाही.

आजही हुणधुऱ्यावर येणाऱ्याला "कोण?" म्हणून कुणी विचारत नाही. "ये, आत ये," म्हणतात.