राजपेठेचं शेपूट

चंदनगरात पेठा तीन, पण तिन्ही पेठांचा उकिरडा एकट्या बुरूड आळीत! विहिरीचं पाणी नासलं, पोरं ओकून ओकून गळाठली. शेवटी येसू बुरडीण पदर खोचून थेट दरबारात शिरली.

"महाराज, राजवाड्याची घाण आमच्या विहिरीपाशी का?"

उदाजीराजे चमकले. "कसं शक्य आहे? ज्या पेठेची घाण त्या पेठेतच राहील, असा माझा कायदा आहे!"

"आणि तो आम्ही तंतोतंत पाळतो!" दिवाण गुणवंतपंतांनी लगबगीनं नकाशा उलगडला. काय तो नकाशा! प्रत्येक पेठेला एकेक लांबलचक शेपूट, आणि तिन्ही शेपटं वळवळत बुरूड आळीत येऊन टेकलेली. "हे पाहा महाराज, आळीचा हा तुकडा राजपेठेत, हा सराफपेठेत, हा माझ्या दिवाणपेठेत. ज्याची घाण त्याच्याच हद्दीत!"

धन्य ते पंत! अशी अक्कल विहीर उपसायला लावली असती तर?

"आणि आमचा पंच?" येसूनं विचारलं. "पेठेला एक पंच. आमची आळी तीन तुकड्यांत चिरलीत, त्यामुळं प्रत्येक पेठेत आम्ही मूठभरच. आमचं म्हणणं मांडणार कोण?"

"अगं, इतरांना एकच पंच, तुम्हाला तीन-तीन!" पंत खो खो हसले.

"तिघांतला एकतरी नाक दाबून का होईना, आळीत आलाय का?"

राजांना वादाचा कंटाळा. "कायदा म्हणजे कायदा! घाण हलवायची तर खुशाल हलव. पण एका पेठेतली टोपलीभर जरी दुसऱ्या पेठेत गेली, तर अख्खी आळी गावाबाहेर काढीन! जमलं तर मागशील ते देईन."

दरबार फिदीफिदी हसला. येसू म्हणाली, "शब्द दिलात हं, महाराज!"

बुरडांच्या आळीत टोपल्यांना काय तोटा? सगळी आळी कामाला लागली. सकाळी राजांनी खिडकी उघडली आणि धाडकन लावून घेतली. राजवाड्याच्या दारात उकिरडा! सराफकट्ट्यावर उकिरडा! दिवाणवाड्याच्या ओट्यावर तर केवढा ढीग, आणि वर माश्यांची दरबारी गर्दी!

"पकडा तिला!" राजवाड्याच्या दारात टोपली घेऊन उभ्या येसूला पाहून पंत किंचाळले. "हद्द मोडली हिनं!"

"मी? काढा तुमचा नकाशा! राजपेठेची घाण राजपेठेच्याच शेपटावरून आली, तुमची तुमच्या. रेषेबाहेर एक साल पडली असेल तर दाखवा!"

"अगं, पण ते शेपूट घाण तिकडे न्यायला काढलं होतं!" पंत बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

"अस्सं! जाताना रस्ता, येताना गुन्हा?"

राजांनी नाकाला शेला लावला, पंतांकडे एकदा रोखून पाहिलं आणि म्हणाले, "जिंकलीस, येसू. माग काय ते."

"शेपटं कापा, महाराज. आळी एकसंध करा, तिची वेगळी पेठ करा आणि आमचा पंच आम्हाला द्या."

"आणि मग आमची घाण टाकायची कुठं?" पंत कळवळले.

"पंत, आता ते ठरवताना आम्हालाही विचारावं लागेल!"

राजे पोट धरून हसले. हसता हसता शेला नाकावरून घसरला, दोन श्वास पोटभर आत गेले, आणि त्यांनी तिथल्या तिथं हुकूम सोडला: बुरूडपेठ आजपासून वेगळी, तिची पंच येसू, आणि विहीर उपसणार गुणवंतपंत!