लेखणी आणि लेखनी

एका गावात हेरंब नावाचा एक प्रोग्रॅमर राहत होता. गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं, पण रेंज चांगली होती, म्हणून तो तिथे टिकला होता. त्याला दोनच गोष्टींची चीड होती: खरकट्या हातानं कीबोर्डला शिवणाऱ्यांची आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकवणाऱ्यांची. घरी लग्नपत्रिका आली तरी तो आधी लाल पेन शोधी. गावातले लोक त्याला आता तोंडीच आमंत्रण देत.

या स्वभावातून त्याच्या हातून एक चांगलं काम झालं. कोड लिहायच्या एडिटरला जोडता येईल असं एक एक्स्टेन्शन त्यानं तयार केलं. त्याचं नाव 'लेखणी'. मराठी शब्द चुकला की लेखणी त्याच्याखाली लाल रेघ ओढी. बाकी काही करत नसे. हेरंबनं ते ओपन सोर्स ठेवलं होतं, म्हणजे कोणीही फुकट घ्यावं, उघडून पाहावं, सुचलं तर सुधारावं. हजारो लोकांनी ते घेतलं. यास्मिन तांबोळी नावाची एक प्रोग्रॅमर दूरच्या शहरातून त्याला या कामात मनापासून मदत करी.

मग हेरंबनं लेखणीला एक नवी करामत शिकवली. फाईल सेव्ह केली की तिच्यातले चुकलेले शब्द आपोआप शुद्ध व्हायचे. नुसती रेघ नाही, शब्दच बदलायचा. आता एवढंच ठरवायचं राहिलं होतं, की ही सोय मुळात चालू ठेवायची की बंद. डिफॉल्ट म्हणतात ते हेच: माणसानं काहीच सांगितलं नाही, तर यंत्रानं काय करायचं.

यास्मिनचं म्हणणं होतं, बंद ठेवावी. ज्याला हवी असेल तो चालू करील.

"बंद ठेवली तर शोधत कोण बसणार?" हेरंब म्हणाला. "आणि अशुद्ध लिहायची हौस कोणाला असते?"

"ज्यानं आपल्याला काही सांगितलंच नाही, त्याच्या फाईलला हात लावतोय आपण."

'हात लावणं' हा शब्द हेरंबला आवडला नाही. त्याच्या मते ही मदत होती. शेवटी एक्स्टेन्शन त्याचं होतं. त्यानं सोय चालू ठेवून नवी आवृत्ती सोडली, आणि ती सगळ्यांच्या एडिटरात आपसूक जाऊन बसली. आठवडाभर शाबासकी येत राहिली.

डोंगरापलीकडच्या एका वाडीत कुसुम भांगरे नावाच्या बाई शाळेत शिकवत. वाडीतल्या आणि आसपासच्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांची बोली त्या तीन वर्षं गोळा करत होत्या. त्यांचा शब्दकोश पुरा झाला की एका संकेतस्थळावर जायचा होता. तिथे साधी फाईल लागे, एका ओळीत एक नोंद, म्हणून त्या कोडच्या एडिटरातच लिहीत. डावीकडे बोलीतला शब्द, मध्ये रेघ, उजवीकडे पुस्तकातला शब्द. पानी – पाणी. लोनी – लोणी. इळा – विळा. उजवी बाजू चुकू नये म्हणून त्यांनी लेखणी घेतली होती. डाव्या बाजूच्या लाल रेघांचं त्यांना काही वाटत नसे. शाळेत त्या स्वतःच रोज तशा रेघा ओढत.

एका सकाळी त्यांनी एक नवा शब्द लिहिला, फाईल सेव्ह केली, एडिटर बंद केला आणि शाळेत गेल्या. फाईलची दुसरी प्रत नव्हती. पुढच्या रविवारी त्यांनी पानं छापून घेतली आणि वाडीतल्या म्हाताऱ्या भिमाबाईंना वाचून दाखवायला त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. अर्धे शब्द भिमाबाईंनीच सांगितलेले होते. कुसुमबाई वाचू लागल्या. पाणी – पाणी. लोणी – लोणी. विळा – विळा. अशा दोन हजार ओळी. प्रत्येक शब्दाचा अर्थ तोच शब्द, असा शब्दकोश बहुधा जगात दुसरा नसेल.

भिमाबाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं.

"बाई, ह्ये माझं न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्ये तुमच्या साळंतलं हाय."

भिमाबाईंना पुन्हा विचारता आलं असतं. पण उरलेले अर्धे शब्द पलीकडच्या पाड्यावरच्या ठकूबाईंचे होते, आणि ठकूबाई मार्गशीर्षात वारल्या होत्या. त्यांच्यासारखं बोलणारं त्या पाड्यावर आता कोणी राहिलं नव्हतं. कुसुमबाई पानं मांडीवर ठेवून रडल्या.

मग त्यांनी हेरंबला लिहिलं. जे घडलं तेवढंच लिहिलं, दोष दिला नाही. हेरंबचं उत्तर लगेच गेलं. घडलं ते वाईट झालं, पण ही सोय सेटिंगमध्ये जाऊन कधीही बंद करता येत होती, असं त्यात होतं. उत्तरात एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकला नव्हता.

यास्मिननं ते वाचलं आणि कुसुमबाईंचं पत्र त्याला पुन्हा एकदा पाठवलं. हेरंबला ते लागलं. दोन दिवस त्यानं कशीबशी कळ काढली. तिसऱ्या दिवशी त्यानं एक्स्टेन्शनच्या माहितीची फाईल उघडली आणि खाली लिहिलं, 'भिमाबाई आणि ठकूबाई यांची मी माफी मागतो.' नावं कुसुमबाईंच्या पत्रातली होती, जशीच्या तशी. त्यानं सेव्ह केलं. भिमाबाईंच्या 'भि'ची 'भी' झाली.

त्यानं ती पुसून पुन्हा 'भि' केली. सेव्ह केलं. पुन्हा 'भी'. तिसऱ्यांदा मात्र तो उखडला. "अरे, बाईंचं नाव काय ते बाईंना विचार ना," तो म्हणाला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. आपण कोणावर चिडलो आहोत हे लक्षात आलं, तेव्हा त्याला मनापासून लाज वाटली. मग तो ती सोय बंद करायला सेटिंगमध्ये गेला. बटण तिसऱ्या पानाच्या तळाशी होतं. ज्यानं ते तिथे ठेवलं होतं, त्यालाही सापडायला बराच वेळ लागला.

त्याच दिवशी त्यानं नवी आवृत्ती सोडली. सोबत लिहिलं, की यापुढे सांगितल्याशिवाय लेखणी कोणाचाही शब्द बदलणार नाही, आणि चूक माझी होती. पुष्कळ लोक कुरकुरले. त्यांना सवय झाली होती. काहींनी लेखणी काढून टाकली. हेरंबनं प्रत्येकाला बटण कुठे आहे ते सांगितलं, पण ते स्वतःहून चालू केलं नाही.

नंतरचे चार महिने दर रविवारी तो डोंगर ओलांडून भिमाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसला. त्या सांगत, तो टाईप करी, कुसुमबाई तपासत. ठकूबाईंच्या हजारभर ओळींची डावी बाजू कोरी राहिली. अंदाजानं भरू का, असं हेरंबनं एकदा विचारलं होतं. कुसुमबाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

शेवटच्या रविवारी भिमाबाईंनी त्याला विचारलं, की तुझ्या त्या यंत्राचं नाव काय म्हणालास.

"लेखणी," हेरंब म्हणाला.

"लेखनी," भिमाबाई म्हणाल्या. "बरं हाय नाव."

हेरंबनं एक नवी ओळ लिहिली. लेखनी – लेखणी. मग सेव्ह केलं. डावीकडच्या शब्दाखाली लाल रेघ उमटली. शब्द जागचा हलला नाही.

तात्पर्य: गप्प राहिलेल्या माणसानं होकार दिलेला नसतो; त्याच्या वतीनं ठरवायची वेळ आली, तर आपल्याला जे बरोबर वाटतं ते त्याच्यावर लादू नये, त्याचं आहे ते जसंच्या तसं राहील असं पाहावं.