आईच्या नवसाची लेक

“नवस आईनं बोललेला असला आणि तो लेकीनं मोडला, तर पाप कुणाला लागतं, सिस्टर?”

कॉन्व्हेंटच्या मागच्या पडवीत सिस्टर लिओकादिया चवळीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

“कुणाचा नवस?”

“एका मैत्रिणीच्या आईचा.”

“मग मैत्रिणीला पाठव.”

जोविता तुस्कानोनं हातातली फाइल छातीशी धरली.

वसईकडच्या त्या गावात सिस्टरांना ओळखत नाही असं घर नव्हतं. तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. आता ऐंशी ओलांडली, तरी दर मे महिन्यात बारावी झालेली मुलं ‘पुढं काय?’ विचारायला त्यांच्याकडं येत. कुणी गुणपत्रिका आणी, कुणी घरातलं भांडण.

जोविता ‘पुढं काय?’ विचारायला आली नव्हती. ती उत्तर घेऊन आली होती. तिच्या फाइलमध्ये सगळं नीट लावलेलं होतं: बाप्तिस्म्याचा दाखला, एक्क्याण्णव टक्क्यांची गुणपत्रिका, आणि सिस्टरांच्या संघात प्रवेश मागणारा, सुवाच्य अक्षरातला अर्ज.

“नवस माझ्या आईचा आहे,” ती शेवटी म्हणाली. “मी दहा महिन्यांची होते. न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा आई मारियामातेला म्हणाली, हिला वाचव, हिला तुझ्याच सेवेला देईन.”

“आणि तू वाचलीस.”

“हो.”

“छान झालं.”

जोविताला राग आला. एवढंच? अख्खं गाव तिला लहानपणापासून ‘आमची छोटी सिस्टर’ म्हणत होतं. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत तिनं पहिला नंबर कधी सोडला नव्हता. बाकीच्या मुली कॉलेजच्या नावांवरून वाद घालत, तेव्हा ती जरा बाजूला उभी राही. आपलं ठरलेलं आहे, याचा तिला गर्व होता.

होता... गेल्या महिन्यापर्यंत.

“अर्ज घ्या ना, सिस्टर. जूनपासूनच मला यायचंय.”

“आधी तीन दिवसांचं शिबिर असतं. मुली येतात, राहतात, बघतात.”

“मला बघायची गरज नाही. माझं ठरलंय.”

“मग पाप कुणाला लागतं ते कशाला विचारलंस?”

जोविताच्या हातातली फाइल घामानं ओली झाली होती. तिनं ती या हातातून त्या हातात घेतली.

सिस्टरांनी एक शेंग मोडली. “नवस बोलणाऱ्यानं स्वतःचं द्यायचं असतं, बाय. दुसऱ्याचं नाही. तुझ्या आईचा नवस तुला बांधत नाही. पाप तुलाही नाही, तिलाही नाही.”

हे ऐकायलाच तर ती आली होती! तरी छातीवरचं ओझं तसूभर हललं नाही.

“तरी अर्ज घ्या,” ती म्हणाली. “आजच घ्या. गुरुवारच्या आत.”

सिस्टरांचे हात पहिल्यांदा थांबले.

“गुरुवारी काय आहे?”

“...आईचा रिपोर्ट.”

मग तिला सांगावंच लागलं. आईच्या छातीत गाठ सापडली होती. तुकडा काढून तपासायला पाठवला होता. आणि ज्या आठवड्यात गाठ सापडली, त्याच आठवड्यात जोवितानं चोरून भूगर्भशास्त्राच्या प्रवेशाची माहिती काढली होती. गावातल्या विहिरी एकेक करून खाऱ्या होत चालल्या होत्या. गोडं पाणी कुठं जातं, ते तिला शिकायचं होतं. घरात कुणाला हे माहीत नव्हतं.

“पण मारियामातेला माहीत आहे,” जोविता कुजबुजली.

सिस्टरांनी नवी शेंग हातात घेतली.

“बरं. समज, अर्ज घेतला. तू आत आलीस. आणि गुरुवारी रिपोर्ट वाईट आला... मग?”

“मग मी कशाला राहू इथं!”

शब्द तोंडातून निघून गेले. जोवितानं तोंडावर हात ठेवला, पण ते कधीच बाहेर पडले होते.

सिस्टरांनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं, फाइल घेतली, गुणपत्रिका आणि दाखला तिला परत दिला. अर्जाचे मात्र दोन तुकडे केले. मग चार. सालींच्या टोपलीत टाकले.

“घरी जा. आईशी बोल.”

“काय बोलू?”

“मघाशी मैत्रिणीच्या नावानं जे बोललीस ना... ते स्वतःच्या नावानं.”

त्या संध्याकाळी जोविता आईच्या मागं मागं फिरत राहिली. आईनं भात लावला, दोरीवरचे कपडे काढले, अंगण झाडलं. शेवटी आईच वळली.

“काय झालंय तुला?”

“आई, मला सिस्टर व्हायचंय की नाही... मला माहीत नाही.”

आई हातातला झाडू घेऊन तशीच खाली बसली. जोविताला वाटलं, आता आभाळ कोसळणार.

“मला वाटायचं, तुलाच हौस आहे,” आई हळूच म्हणाली. “लहानपणी डोक्यावर चादर घेऊन सिस्टरसारखी फिरायचीस... सगळे कौतुक करायचे. मग मी कोणत्या तोंडानं नको म्हणू? एकच लेक माझी. सतरा वर्षं रोज रात्री मारियामातेला सांगते, अगं, मी तेव्हा घाबरले होते. घाबरलेल्या बाईचं बोलणं कुणी इतकं धरून ठेवतं का?”

मायलेकी त्या धुळीत बसून रडल्या.

गुरुवारी रिपोर्ट आला. कॅन्सर होता.

जोविता धावतच पडवीत पोचली. चप्पल वाटेत कुठंतरी तुटली होती.

“मी बोलले म्हणून झालं, सिस्टर! मी नाही म्हणाले म्हणून!”

“डॉक्टर काय म्हणाले? गाठ कधीची?”

“वर्षभराची तरी... वेळेत सापडली म्हणाले. ऑपरेशन करायचंय.”

“आणि तू बोललीस कधी?”

“मंगळवारी.”

सिस्टर पुढं काहीच बोलल्या नाहीत. पूर्वी नववीच्या वर्गात फळ्यावर गणित मांडून त्या अशाच बाजूला उभ्या राहत. जोविता धापा टाकत उभी राहिली. श्वास हळूहळू जागेवर आला. भीती गेली नाही, पण ती आता आईसाठी होती, देवाची नव्हती.

ऑपरेशन झालं. औषधांनी आईचे केस गेले. डोक्याला रुमाल बांधून ती ओट्यावर बसू लागली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना स्वतःहून सांगू लागली, “आमची जोवी कॉलेजला जाते. दगडांचं शिकते.” कुणी नवसाची आठवण काढलीच, तर म्हणायची, “तो माझा होता. मी बघते माझं काय ते.”

जोविता पहाटे उठून आईचा डबा करी आणि कॉलेज गाठी. प्रयोगशाळेत तिला वेळेचं भान राहत नसे. पण अधूनमधून, कुठलंही कारण नसताना, तिची पावलं कॉन्व्हेंटच्या चॅपेलकडं वळत. ती मागच्या बाकावर बसे. काही मागत नसे. मागायचं नसेल तर इथं काय करायचं, तेही तिला कळत नसे. तरी पावलं इकडंच का वळतात, याचीच आता तिला काळजी लागली.

नाताळ आठवड्यावर आला असताना ती पडवीत गेली. सिस्टर लिओकादिया उन्हात पाय पसरून बसल्या होत्या.

“सिस्टर, जानेवारीतल्या शिबिराला येऊ?”

“कशासाठी?”

जोविताला एकही कारण सापडेना.

“...माहीत नाही.”

“आईचं दुखणं उलटलं तर?”

तिचा चेहरा पांढरा पडला. पण ती म्हणाली, “तरी येईन. मग तिच्याजवळ जाईन.”

“आणि बघून झाल्यावर वाटलं, आपलं कॉलेजच बरं... तर?”

जोवितानं एकदा चॅपेलकडं पाहिलं.

“तर... परत जाईन, सिस्टर. खोटं नाही सांगत.”

म्हातारीनं डोळे मिटले.

“मग ये,” त्या म्हणाल्या. “आईचा डबा करून ये. उशीर झाला तरी चालेल.”