लिंबाशेजारची सुरी

सुऱ्या एकमेकींशी बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. फोटोग्राफर मनोहरपंतांनी एक नवीकोरी सुरी आणली. घरातल्या काळपट, जुन्या सुरीने त्यांनी लिंबू चिरलं आणि तिला बाजूला सारून नवीला त्या लिंबाशेजारी ठेवलं. एकीकडे दिवा, दुसरीकडे पांढरा पुठ्ठा. नवीचं पातं असं लखलखलं म्हणून सांगू!

नवी मात्र गोंधळली. "आजी, लिंबू तर तू चिरलंस. मग इथे मी कशी?"

"मला काय ठाऊक, बाई? गप पडून राहा."

पंतांनी काढलेला तो फोटो बघून येणारा-जाणारा म्हणे, "काय धार आहे हो!" नवी आणखीच बुचकळ्यात पडली. आपल्याला धार आहे, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं? एकदा काहीतरी चिरून बघावं, एवढंच तिच्या मनात होतं.

एका संध्याकाळी पंतांची बायको कोथिंबीर घेऊन आली आणि तिने नवीकडे हात नेला. नवीचा जीव सुपाएवढा झाला.

"अगं, ती नको! डाग पडतील," पंत ओरडले.

बाईंनी जुनी उचलली. पंतांनी नवीला मखमली पेटीत ठेवलं.

"आजी, चिरताना कसं वाटतं गं?" नवीने पेटीतून विचारलं.

बाहेर आजी कोथिंबीर चिरत होती.