केसरची ओंजळ

एका राज्यात माणसं धान्याइतकेच बोल साठवून ठेवत. कुठला वाक्प्रचार कुणापायी पडला, वरवर संबंध नसलेल्या तीन गोष्टींमधून कोणता धागा जातो, हे शोधण्याची त्यांना भारी हौस. जेवताना कोडं, नांगरताना कोडं, मयताला गेले तरी परतीच्या वाटेवर कोडं. सुगी आटोपली की भर दुपारी राजवाड्याच्या चौकात उकलसभा भरे. राजाचा बोलराखा पिवळं पागोटं घालून चौरंगावर बसे आणि त्या वर्षी नव्याने रुळलेल्या बोलांचा उगम सांगे. त्याने सांगितलं की ते ठरलं. मग खुद्द राजालाही त्यात अक्षर फिरवता येत नसे. एका माणसाच्या जिभेवर इतका भरवसा टाकणारं राज्य शहाणं म्हणायचं की खुळं, ते तुम्हीच ठरवा.

गोमाजी हा त्या राज्याचा बोलराखा. बायको मागेच वारली होती. घरात सगुणा नावाची एकुलती एक लेक. बापाने तिला कोड्यांवरच वाढवलं. भाकरी थापताना ती विचारी, "आबा, चूल, ढोल आणि नदी, धागा सांगा." गोमाजी म्हणे, "तिन्ही पोटातून बोलतात." मग ती खळखळून हसे. त्या हसण्यासाठी तो मुद्दाम चुकीची उत्तरंही देई. जगात त्याला दुसरं काही नको होतं.

पण त्या सभेला गेली काही वर्षं दृष्ट लागली होती. नऊ वर्षांपूर्वी थोरले महाराज पाणवठ्यावर पाणी पिऊन मेले. पाणी देणाऱ्या केसरने विष घातलं असं सभेत ठरलं आणि धाकट्या महाराजांनी तिला राजभांडारात कोंडून दार बुजवलं. पुढच्या वर्षी पाहतात तो त्या दाराच्या अडसरावर केसरची पाळलेली साळुंकी बसलेली. ती केसरच्या आवाजात बोलू लागली. दार कुणाला उघडेना. राजमुकुट आत राहिला आणि धाकटे महाराज नुसतंच पागोटं बांधून राज्य करू लागले.

साळुंकी दर सभेला एक नाव पुकारी आणि तीन प्रश्न घाली. पहिले दोन दर वर्षी वेगळे, तिसरा कायम तोच. तिन्ही सुटले तर दार उघडेल. एकही चुकला तर उत्तर देणाऱ्याची वाचा आत जाईल. आणि पुकारलेला माणूस आलाच नाही तर त्याच्या घरातल्या सगळ्यांची जाईल. तिच्यावर बाण सोडले, तर बाणांच्या गवताच्या काड्या झाल्या. महाराजांनी अघोरबुवा नावाचा मांत्रिक आणवला. बुवांनी सात दिवस होम केला, आठव्या दिवशी बुवांच्या दाढीला पालवी फुटली आणि नवव्या दिवशी तिच्यात होल्याने घरटं बांधलं. बुवा दक्षिणा न मागता निघून गेले.

तिसरा प्रश्न असा होता: "चांदीचा पेला, चिंचेची सावली, पिवळं पागोटं. यांच्यातला धागा सांग. आणि 'केसरची ओंजळ' हा बोल कुठून आला तेही सांग."

हा बोल तर राज्यात घरोघरी होता. गोड बोलून गळा कापणाऱ्याला म्हणत, "केसरची ओंजळ दाखवतोय." सासवा सुनांना म्हणत, सुना जावांना म्हणत. उगमही सगळ्यांना पाठ. त्या राज्यात पाणी देणाऱ्याने आधी स्वतः एक ओंजळ प्यायची आणि मग दुसऱ्याला द्यायचं, असा रिवाज. केसरने ओंजळ तोंडाला लावली, पण पाणी कोपरावरून गळू दिलं, अशी हकीकत बोलराख्याने सांगितली होती. माणसं तीच सांगत आणि मुकी होत. पिवळं पागोटं म्हणजे नवरदेवाचं, असंही काही जण ठोकून देत. ते पागोटं समोर चौरंगावर बसलंय, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. खरं उत्तर राज्यात दोघांनाच ठाऊक होतं. एक धाकटे महाराज, दुसरा गोमाजी. बोलराख्याला प्रश्न घालायचा नाही असा सभेचा दंडक होता, आणि त्या दंडकाच्या आडोशाला गोमाजी बसून राहिला. सात वर्षांत सात माणसं त्याच्या डोळ्यांदेखत मुकी झाली. दर वर्षी तो घरी येऊन आंघोळ करी आणि जेवे.

आठव्या वर्षी साळुंकीने सगुणाचं नाव पुकारलं.

ती हसतमुखाने पुढे झाली. पहिले दोन प्रश्न तिने चुटकीसरशी सोडवले. तिसऱ्याला तिने बापाकडे अभिमानाने पाहिलं आणि त्याने शिकवलेली हकीकत शब्दन् शब्द सांगितली. गोमाजीने हात वर केला असता तरी पुरलं असतं. त्याने केला नाही. सगुणाचं वाक्य पुरं झालं आणि त्यापुढे तिच्या गळ्यातून काही उमटलं नाही.

मग वर्षभर त्या घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. सगुणा पाटीवर लिही. गोमाजी तिला वैद्यांकडे नेई, नवस बोले, आणि खरं काय ते तेवढं सोडून सगळं करी. मुलीची वाचा आपल्या जिभेच्या टोकावर आहे हे त्याला कळत होतं. पण बोललो तर महाराज जिवंत ठेवणार नाहीत, हेही कळत होतं. भित्रा माणूस फार हिशेबी असतो बघा.

नवव्या सभेला चार दिवस उरले होते. गोमाजी बाहेरून आला तर सगुणा ओटीवर बसलेली. पुढ्यात कोळशाने पेला काढलेला, शेजारी चिंचेची डहाळी, आणि खुंटीवरून काढलेलं त्याचं पागोटं. ती तिन्हींकडे पाहत होती. मग तिने मान वर करून बापाकडे पाहिलं. गोमाजीने वाकून पागोटं उचललं, झटकलं आणि म्हणाला, "सभेची तयारी करायची आहे." अगदी एवढंच म्हणाला.

सभेच्या दिवशी सगुणा धुवट लुगडं नेसली. तिने पाटी काखेत घेतली.

"कुठे?" गोमाजीने विचारलं.

तिने लिहिलं: साळुंकीकडे.

"पाटीवर तिसरा शब्द उमटायच्या आत महाराज तुझा हात छाटतील."

सगुणाने पदराने पाटी पुसली आणि ती उंबऱ्याबाहेर पडली. तेव्हा कुठे गोमाजीचे पाय हलले. म्हातारा अनवाणी धावत तिच्या पुढे गेला, सभेत शिरला आणि चौरंगावर न बसता थेट अडसरासमोर उभा राहिला.

"आज कुणाचं नाव पुकारू नकोस," तो म्हणाला. "मला विचार."

"बोलराख्याला विचारायचा दंडक नाही," साळुंकी म्हणाली.

गोमाजीने पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. "आता बोलराखा नाही."

महाराज सावरून बसले. साळुंकीने पहिला प्रश्न घातला. "घाण्याचा बैल, शिकारी ससाणा, नवी नवरी. धागा सांग."

"तिघांचेही डोळे झाकतात. कुठे नेतोय ते त्यांना दिसू नये म्हणून."

"बरोबर. लोक म्हणतात, सातवा पाट मांडला. कुठून आला हा बोल?"

"वडघाटावरच्या तान्हूबाईला सात मुलगे. सातही लढाईला गेले, सहा परत आले. ती रोज सात पाट मांडी. सुनांनी सातवा उचलला तर त्या दिवशी ती जेवत नसे. एकोणीस वर्षं मांडला तिने."

"आणि आता लोक तो कधी म्हणतात?"

"जावई सणाला आला नाही की. चेष्टेने."

"बरोबर," साळुंकी म्हणाली, आणि तिसरा प्रश्न तिने फार सावकाश विचारला.

गोमाजीने घाम पुसला. बाजूला सगुणा पाटी छातीशी धरून उभी होती. तिच्याकडे न बघता तो बोलू लागला. "थोरले महाराज शिकारीहून आले आणि पाणवठ्यावर चिंचेच्या सावलीत टेकले. केसर रिवाजाप्रमाणे आधी ओंजळभर पाणी प्यायली. सगळं प्यायली. थेंब सांडला नाही. मग तिने घागरीतलं पाणी पेल्यात ओतलं. पेला चांदीचा होता, आणि तो धाकट्या महाराजांनी पुढे केला होता. आतून त्याला लेप होता. लेप लावताना मी पाहिलं. मी घोडा धरून उभा होतो."

महाराज उठले. "धरा त्याला" असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. तोंड हललं, आवाज आला नाही. शिपाई हुकमाची वाट पाहत उभेच राहिले.

"सभेत काय सांगितलंस?" साळुंकीने विचारलं.

"की तिने ओंजळ कोपरावरून गळू दिली."

"आणि पागोटं?"

"त्याच संध्याकाळी मिळालं." गोमाजी घाईने पुढे बोलू लागला. "माझी पोर अकरा वर्षांची होती, आई नसलेली. मी नाही म्हटलं असतं, तर माझ्यामागे तिचं—"

"ते विचारलं नाही," साळुंकी म्हणाली.

दार उघडलं. आत केसर नव्हती. भिंतीशी एक कोरडी घागर होती, राजमुकुट होता आणि ओळीने मांडलेले आठ गडू होते. त्या गडवांतून आवाज एकेक करून बाहेर पडले आणि आपापल्या माणसाला शोधत गेले. कासाराला त्याचा घोगरा आवाज मिळाला, गुरवाच्या म्हातारीला तिचा किनरा. माणसं रडत होती, एकमेकांना हाका मारून बघत होती. सगुणाने गळ्याला हात लावला आणि ती खोकली.

एक आवाज मात्र उरला. तो हैबती नावाड्याचा होता. हैबती पहिल्याच वर्षी मुका झाला आणि पुढे तीन वर्षांनी भोवऱ्यात बुडाला. काठावर माणसं होती, पण त्याला ओरडता येईना, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. आता तो आवाज चौकात गळा शोधत फिरू लागला. "दोर टाका रे," तो म्हणत होता. "कुणीतरी दोर टाका." हैबतीची बायको पदर तोंडात कोंबून उभी होती. आवाज तिच्याजवळून गेला, महाराजांजवळून गेला, गोमाजीच्या डोक्यावरून तीनदा गेला. कुणाला काय करावं सुचेना.

तेव्हा सगुणा चौकाच्या मध्यभागी गेली. "टाकला, हैबतीदादा," ती म्हणाली. "धरा."

आवाज थांबला. वर्षभरानंतर सगुणा बोलली ते एवढं. त्यातला एकही शब्द बापासाठी नव्हता.

थोड्या वेळाने गोमाजी तिच्याजवळ गेला. "सगुणा," तो म्हणाला, "एकदा आबा म्हण."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "आठ वर्षं त्या चौरंगावर कसे बसलात?" तिने विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं. गोमाजी जमिनीवरच्या पागोट्याकडे पाहत राहिला, आणि ती हैबतीच्या बायकोला घरी पोहोचवायला निघून गेली.

मग सगळं रीतीने झालं. थोरल्या महाराजांची विधवा राणी मागच्या महालातून बाहेर आली आणि तिने मुकुट घातला. धाकट्या महाराजांना त्याच भांडारात नेऊन ठेवलं. आत ते ओरडत असतील तरी बाहेर काही ऐकू येत नाही. साळुंकी चारचौघींसारखी किडे टिपू लागली. पाणवठ्यावर केसरची समाधी बांधली, आणि 'केसरची ओंजळ' म्हणजे निर्मळ मनाने केलेलं काम, असं पोरंबाळं म्हणू लागली. गोमाजीला शिक्षा द्यावी की नाही यावर सभेत खल झाला. राणी म्हणाली, "राहू दे जिवंत." त्याला वाटलं सुटलो. पुढे कळलं त्याला.

बोलराख्याची जागा सगुणाला मिळाली. पागोटं तिने घेतलं नाही. ती हैबतीच्या घरी त्याच्या बायकोसोबत राहते. बापाला दोन वेळची थाळी शेजारणीच्या हातून येते. भाजी गरम असते, मीठ बरोबर असतं, निरोप नसतो. तो थाळी आणणारीला विचारतो, "काही म्हणाली का?" ती नाही अशी मान हलवते.

दर सुगीला उकलसभेत सगुणा केसरची हकीकत पहिल्यापासून सांगते, आवाज न चढवता आणि न दबवता. शेवटी म्हणते, "आणि खोटी साक्ष गोमाजीने दिली." लोक तेव्हा वळून मागे बघतात. म्हातारा शेवटच्या रांगेत बसलेला असतो. आताशा त्याला कमी ऐकू येतं, म्हणून कानाला हात लावून तो पुढे झुकतो. वर्षभरात तिच्या तोंडून त्याचं नाव तेवढं एकदाच निघतं, म्हणून त्याने अजून एकही सभा चुकवलेली नाही.