हातची राखलेली चिमूट

एका पेठेच्या गावात, भांडीगल्लीच्या तोंडाशी, मुकुंदा तांबट नावाचा एक दुकानदार राहत होता. गोड बोलायचा, गिऱ्हाइकाला चहा पाजायचा आणि गिऱ्हाईक वळलं की डब्यांची झाकणं मोजायचा.

दुकानदाराला थोडा संशय हवाच. पण तो मिठासारखा. चिमूटभर असला तर चव येते. कोणी मिठाचीच भाजी करून वाढली तर घरचा माणूससुद्धा ताटावरून उठतो.

मुकुंदाच्या घरात हे मीठ पिढीजात होतं. त्याचे वडील कल्हई करायचे. त्यांनी कल्हई केलेलं पातेलं दोन-दोन वर्षं चमकायचं. त्यांच्या हाताखाली कितीतरी जण शिकले, पण तापलेल्या भांड्यात शेवटी टाकायची एक चिमूट मात्र वडील सगळ्यांकडे पाठ करून टाकत. "विद्या द्यावी, चिमूट राखावी," असं म्हणत. एक दिवस ते अचानक गेले. त्यांच्या कनवटीची पुडी मुकुंदाच्या हाती आली. तिला वास होता, रंग होता, नाव मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून घरातली कल्हई बंद झाली आणि दुकानात स्टील आलं. दुसरा कोणी यातून शहाणा झाला असता. मुकुंदा एवढंच शिकला, की पुडी राखावी.

या मुकुंदाला नाद होता संगणकाचा. शिकवणारं कोणी नव्हतं. मोडके संगणक आणून, उघडून, चुकून, पुन्हा जोडून तो प्रोग्रॅम लिहायला शिकला. घराच्या माळ्यावर त्याचा कारखाना. गल्लीच्या नळाला पाणी केव्हा येतं याची त्याने दोन वर्षं टिपणं ठेवली आणि पाणी यायच्या आधी घंटा वाजेल असा प्रोग्रॅम केला. कोणाला सांगितलं मात्र नाही. रोज बरोबर वेळेला याच्याच बादल्या नळाखाली. गल्लीला वाटायचं, पाणी सोडणाऱ्याशी याचं साटंलोटं आहे. संशयाचं हे असंच असतं. एका घरात पेरला की आळीभर उगवतो.

त्याची बायको इंदुमती कोंबड्या पाळायची. माहेरहून टोपलीत आणलेल्या जोडीचा तो वाण. तांबड्या रंगाच्या, उघड्या मानेच्या कोंबड्या. तसल्या त्या भागात दुसरीकडे नव्हत्या. तिच्यासाठी मुकुंदाने जुन्या फ्रिजच्या खोक्यात अंडी उबवायची पेटी बनवली. बिस्किटाच्या पुड्याएवढा संगणक दिवा लावायचा, विझवायचा, अंडी कलती करायचा. पेटीला हवेसाठी एक झरोका होता. तो कोणत्या दिवसापासून किती उघडायचा, हीच खरी मेख. लवकर उघडला तर अंडी सुकायची, उशीर झाला तर पिल्लं आतल्या आत गुदमरायची. तीन खेपा वाया गेल्या, तेव्हा कुठे बरोबर आकडा सापडला.

निवृत्त शिक्षक देशमाने गुरुजी पेटी बघायला आले. म्हणाले, "मुकुंदा, हे लिहून ठेव. ब्लॉग काढ. चार लोक शिकतील."

"गुरुजी, म्हणजे चोराला किल्ली द्यायची आणि वर घराचा पत्ताही?"

"अरे, बरणीत कोंडलेलं लोणचं आणि डोक्यात कोंडलेलं शहाणपण, दोन्ही बुरसतात."

मुकुंदाला हे पटलं नाही, पण आपलं नाव होईल हे पटलं. त्याने ब्लॉग काढला. नाव ठेवलं, 'माळ्यावरचा कारखाना'. लिहायचा मात्र झकास. खोक्याची मापं, तारांची चित्रं, सगळा प्रोग्रॅम, सगळं दिलं. फक्त झरोक्याचा आकडा बदलला. तेवढ्याने जीव भांड्यात पडेना. चोर हुशार निघाला तर? म्हणून त्याने तो आकडा पुढच्या महिनाभरात आणखी दोनदा बदलला. खरा आकडा माळ्यावरच्या संगणकात, कुलूपबंद. दुसरीकडे कुठे नक्कल नाही, कागदावर टिपण नाही.

ब्लॉगवर कोणी प्रतिक्रिया लिहिली तर ती आधी मुकुंदाकडे यायची. त्याने मंजूर केली तरच लोकांना दिसायची. सहा महिन्यांनी डोंगराकडच्या एका गावातून गोदाबाई खिलारे नावाच्या बाईने लिहिलं, "दादा, पेटी तुमच्याच मापाने केली. पिल्लं अंड्यातच गुदमरली. झरोक्याचा आकडा बरोबर आहे ना?"

मुकुंदा बायकोला म्हणाला, "बघ. बरोबर झरोक्यावर बोट ठेवलं. ही साधी बाई नाही. अंडी उबवणाऱ्या एखाद्या कंपनीने पाठवलेली असणार."

"कंपनीची बाई पिल्लं मेली म्हणून कशाला सांगेल?"

"तीच तर गोम आहे!"

त्याने ती प्रतिक्रिया मंजूर केली नाही, उत्तरही दिलं नाही. गोदाबाईचं नाव पुन्हा दिसलं तेव्हा उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

दोन वर्षं गेली. एका उन्हाळ्यात गल्लीत मानमोडी आली. हा कोंबड्यांचा रोग; आला की खुराडंच्या खुराडं रिकामं करतो. तीन दिवसांत इंदुमतीचं खुराडं ओस पडलं. उरली ती रोगाच्या आधी टोपलीत काढून ठेवलेली सतरा अंडी. उबवायला गल्लीत एकही खुडूक कोंबडी शिल्लक नव्हती. आता भरवसा पेटीचा.

आणि अंडी पेटीत लावायची त्याच दुपारी नेमका विजेचा दाब वाढला. दुकानातले दिवे भगभगले, माळ्यावरून जळका वास आला. पेटीतला छोटा संगणक गेला. माळ्यावरचा मोठाही गेला.

"छोटा उद्या तालुक्याहून आणता येईल," इंदुमती म्हणाली. "प्रोग्रॅम तुमच्या ब्लॉगवर आहेच की."

मुकुंदा जिन्याच्या पायरीवर बसला.

"काय झालं?"

"ब्लॉगवरचा आकडा खोटा आहे."

"मग खरा घाला."

"तीन वेळा बदललाय. खरा आता मला आठवत नाही."

इंदुमतीने टोपलीतली अंडी झाकून ठेवली. मग एवढंच म्हणाली, "मामंजींनी पुडी निदान परक्यांपासून राखली होती. तुम्ही ती स्वतःपासूनच राखलीत."

अंडी चार दिवसांची झाली होती. आणखी चार गेले असते तर ती लावण्यात अर्थ उरला नसता. चुकत-माकत आकडा शोधायला वेळ नव्हता आणि अंडी तर त्याहून नव्हती. इंदुमतीने मोबाइलवर ब्लॉग उघडला. मंजुरीसाठी थांबलेल्या अकरा प्रतिक्रिया होत्या. सात एकट्या गोदाबाईच्या. शेवटच्या प्रतिक्रियेत लिहिलं होतं, "दादा, तुमचं उत्तर नाही. कामात असाल. पाच खेपा करून झरोक्याचं गणित सुटलं. सोळाव्या दिवसापासून बोटभर, एकोणिसाव्यापासून दोन बोटं. तुमच्याकडून लिहिताना चूक झाली असावी, तेवढी दुरुस्त करा. दुसऱ्या कोणाची पिल्लं जाऊ नयेत." खाली फोन नंबर होता.

"झालं तर मग!" इंदुमती म्हणाली.

पण मुकुंदाच्या कपाळावरची आठी हलेना. "आणि हिनेही एक चिमूट राखली असेल तर?"

"फोन लावा आणि विचारा."

त्याने फोन लावला. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट. मुकुंदाने आकडा विचारला, पुन्हा विचारला, मग न राहवून म्हणाला, "ताई, यात काही राखून तर नाही ना ठेवलं?"

गोदाबाई हसली. "राखून काय करू दादा? माझ्याकडे पेटी एकच, आणि गावात बाया साठ. साऱ्या जणी माझ्याचकडे यायच्या. आकडा सगळ्यांना सांगून टाकला, तेव्हा कुठे मी मोकळी झाले. पण तुम्ही मला का विचारताय? पेटी तर तुमचीच."

आता गप्प बसला असता तरी चाललं असतं. आकडा मिळाला होता. बाई चूकच समजत होती. मुकुंदाने बायकोकडे पाहिलं. ती अंड्यांच्या टोपलीकडे बघत होती.

"ताई, ती चूक नव्हती," तो म्हणाला. "तो आकडा मी मुद्दाम खोटा लिहिला होता."

"माझी दोनशे पिल्लं गेली त्यात," गोदाबाई म्हणाली. "मी म्हणायचे, माझाच हात वाईट." मग तिने विचारलं, "तुमची अंडी किती दिवसांची आहेत?"

"चार."

"मग फोन ठेवा आणि तयारीला लागा. तुमच्याशी भांडायला मी नंतर सवड काढीन."

दुसऱ्या दिवशी नवा संगणक आला, अंडी लागली. एकविसाव्या दिवशी सतरांतून अकरा पिल्लं बाहेर आली, तांबडी, उघड्या मानेची. मुकुंदाने ब्लॉगवर आकडा सुधारला आणि पानाच्या माथ्यावर ठळक लिहिलं, "इथला आकडा मी जाणूनबुजून खोटा दिला होता. खरा गोदाबाई खिलारे यांनी शोधला." साऱ्या प्रतिक्रिया मंजूर केल्या. काहींनी शिव्या घातल्या. त्याही राहू दिल्या.

पिल्लं सावरल्यावर इंदुमतीने त्यांतली चार टोपलीत घातली. ती टोपली घेऊन मुकुंदा एसटीने डोंगराकडे गेला. गोदाबाईने पाणी दिलं, चहा दिला, चार गोष्टी हसून बोलली. मग टोपली पुढ्यात ओढून एकेक पिल्लू उचललं. पंख पसरून पाहिले, पाय पाहिले, चोच उघडून पाहिली.

"ताई, पिल्लं चांगली आहेत," मुकुंदा कसनुसा होऊन म्हणाला.

"असतील की," गोदाबाई चौथं पिल्लू उलटं करत म्हणाली. "राग नाही दादा. पण तुमच्याकडून आलेलं मी आता उलटून बघूनच घेते."

तात्पर्य: विद्या द्यायची नसेल तर सरळ नाही म्हणावं, देताना तिच्यात खोटी चिमूट मिसळली, तर ती एक दिवस आपल्याच ताटात येते, आणि गेलेली विद्या परत मिळाली तरी गेलेला विश्वास मिळत नाही.